सोय जास्त, स्पॅनिश कमी: वालेन्सियातल्या एका घराचं प्रकरण

ज्यांच्याबद्दल लिहितेय त्यांना विचारूनच लिहितेय, नावं तेवढी देत नाही, दादा आणि वहिनी एवढ्यावर भागेल. दादा माझ्या भावाचा कॉलेजपासूनचा मित्र, आयटीत, कंपनीने त्याला 2025 च्या जानेवारीत स्पेनमध्ये वालेन्सियाला आणलं, सोबत वहिनी आणि त्यांचा सहा वर्षांचा मुलगा. मी इथे बरीच वर्षं राहतेय त्यामुळे यांचं बस्तान बसताना बरंचसं जवळून बघायला मिळालं, आणि परदेशात भाषा शिकत शिकत घर लावणाऱ्या बऱ्याच जणांचं नेमकं हेच होतं म्हणून सविस्तर लिहावंसं वाटलं.

वहिनी काही कोरी पाटी घेऊन आल्या नव्हत्या. पुण्यातच क्लास लावला होता, बी1 म्हणजे मधल्या पातळीपर्यंत पोचल्या होत्या, क्रियापदांची रूपं तोंडपाठ, वाचन चांगलं, बातम्या लावल्या तर निम्म्याहून जास्त कळायचं. त्यात मराठी माणसाच्या जिभेला स्पॅनिश तशी सोपीच जाते, त आणि द आपल्यासारखेच, र खणखणीत, नामाला लिंग असतं याचं नवल वाटत नाही, आणि 'मे गुस्ता' इंग्रजीतून शिकणारे महिनोन्महिने घोटत बसतात ते आपण 'मला आवडतं' म्हणून मोकळे होतो. दादाला तर 'ओला' म्हणजे नमस्कार आणि 'ग्राथियास' म्हणजे धन्यवाद एवढंच येत होतं. तरीही फेब्रुवारी संपत आला तेव्हा वहिनींचं अख्ख्या दिवसाचं स्पॅनिश म्हणजे लिफ्टमध्ये शिरताना बुएनोस दीआस आणि उतरताना आस्ता लुएगो.

दादाचं निदान असं की क्लास कमी पडतोय. मग ऑनलाइन शिकवणी लावली, एकास एक, शिकवणाऱ्या बाई कोलंबियाच्या, फार छान शिकवायच्या, पण तिकडे 'तुम्ही सगळे' साठी उस्तेदेस म्हणतात आणि स्पेनमध्ये मित्रमंडळींत सर्रास वोसोत्रोस, शिवाय इथला 'थ' सारखा उच्चार तिकडे नाहीच, त्यामुळे शिकवणीत सगळं समजायचं आणि शाळेच्या फाटकापाशी आया बोलायला लागल्या की परत पाटी कोरी. सब्जंक्टिव्ह, म्हणजे अमुक व्हावं असली इच्छा सांगणारं क्रियापदाचं रूप, मात्र पक्का झाला. वहिनी हसून म्हणायच्या, 'अगं मला इथे काय-काय व्हावं असं वाटतं ते सगळं सांगता येतं, फक्त ऐकायला कुणी नाही.'

मला तेव्हाच वाटलं होतं की अडचण व्याकरणाची नाहीच. यांचं घर जरा नको इतकं सुरळीत चाललं होतं. कंपनीने एक एजन्सी लावून दिली होती, तिने पाद्रोन म्हणजे नगरपालिकेतली पत्त्याची नोंद करून दिली, पोलिसांकडे बोटांचे ठसे देऊन तीए कार्ड, म्हणजे परदेशी रहिवाशाचं ओळखपत्र, काढायचं असतं त्याची अपॉइंटमेंट घेतली, सोबत माणूस पाठवला, त्या माणसाने सगळं बोलून टाकलं. कर आणि सरकारी कागदांसाठी गेस्तोर मिळाला तोही इंग्रजी बोलणारा. किराणा ॲपवरून दारात. पत्र आलं की फोनचा कॅमेरा धरायचा, भाषांतर हजर. घर रुसाफाजवळ, हा भाग इतका टुरिस्टांचा झालाय की कॅफेत तुम्ही स्पॅनिशमध्ये अडखळलात की समोरचा पोरगा लगेच इंग्रजीत, बिचारा चांगुलपणानेच. घरात अशी एक गोष्ट नव्हती जी वहिनींच्या स्पॅनिशवाचून अडली असती. जी भाषा नसली तरी काही अडत नाही ती तोंडात येणार कुठून, मग क्लास कितीही लावा.

आणि वरून शहरच दोन भाषांचं. वालेन्सियात कास्तियानो म्हणजे आपण ज्याला स्पॅनिश म्हणतो ती आणि वालेन्सियानो अशा दोन राजभाषा, रस्त्यावरच्या पाट्या, मेट्रोतल्या घोषणा, शाळेची परिपत्रकं बरीचशी वालेन्सियानोत. वहिनींना पहिले काही आठवडे वाटत होतं की आपलं स्पॅनिशच कच्चं आहे, बंद दुकानाच्या दारावर 'सेरादो' ऐवजी 'तंकात' का लिहिलंय, बाहेर जायच्या दारावर 'सालीदा' का नाही, हे त्यांना कुणी आधी सांगितलंच नव्हतं. एजन्सीच्या माहितीपत्रकात समुद्रकिनारे होते, हे नव्हतं. यावर माझं मत साधं आहे, दोन्ही एकदम शिकायच्या भानगडीत पडू नये, वालेन्सियानो डोळ्यांनी ओळखण्यापुरती असू द्यावी, पोरगा शाळेत शिकतोच आहे.

मार्चमध्ये फायास आली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा इथला मोठा सण, 1 ते 19 मार्च रोज दुपारी दोनला आयुन्तामिएन्तोच्या म्हणजे नगरपालिकेच्या चौकात मास्क्लेता म्हणजे फटाक्यांचा कानठळ्या बसवणारा कार्यक्रम, गल्लोगल्ली प्रचंड पुतळे आणि 19 च्या रात्री ते जाळायचे. रुसाफात तर रोषणाई बघायला अख्खं शहर लोटतं, रस्ते गाड्यांना बंद. म्हणजे डिलिव्हरीची गाडी येईना. घरातलं दूध-भाजी संपलं, दादा ऑफिसात, आणि वहिनींना पिशवी घेऊन मेर्कादोत, मंडईत, जावं लागलं.

तिथे काय झालं ते नीट सांगते कारण सगळी मेख तिथेच आहे. फळवाल्या बाईच्या गाळ्यापुढे पाच-सहा जण उभे, पण रांग अशी नाहीच, एक इकडे टेकलेला, एक बाई शेजारच्या गाळ्यावर मासे बघतेय. वहिनी आपल्या सगळ्यांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. मागून लोक येत गेले, काहीतरी पुटपुटत गेले आणि त्यांचे नंबर आधी लागत गेले. इथली पद्धत अशी की आल्याबरोबर मोठ्याने विचारायचं, 'एल उल्तिमो?' म्हणजे शेवटचा कोण, कुणीतरी हात वर करतं, तुम्ही त्याच्या मागे, आता खुशाल कुठेही फिरा. जो विचारत नाही तो रांगेतच नाही. बराच वेळाने बाईचं लक्ष गेलं आणि तिने विचारलं 'दीमे', अक्षरशः 'सांग'. वहिनींनी क्लासमध्ये शिकलेलं लांबलचक वाक्य काढलं, आपण कृपा करून मला अर्धा किलो टोमॅटो देऊ शकाल का या थाटाचं, त्यात क्रियापदाचं रूप आठवायला थांबल्या, आणि त्या थांबण्यातच बाईने मोबाइलचा कॅल्क्युलेटर पुढे केला आणि बोटांनी खुणा सुरू केल्या. सामान मिळालं. पण वहिनी घरी आल्या त्या रडकुंडीला.

मी म्हटलं वहिनी, तुमचं वाक्य बरोबरच होतं, तिथे चालणारं नव्हतं. बाजारात 'पोन्मे मेदियो कीलो दे तोमातेस', घाल अर्धा किलो टोमॅटो, एवढंच म्हणतात, त्यात उद्धटपणा काही नाही, शेवटी ग्राथियास असतंच. आपल्याला हे जड जातं कारण आपल्याकडे वयाने मोठ्या अनोळखी बाईला तू म्हणायचं म्हणजे कसंसंच होतं, आणि स्पेनमध्ये मात्र डॉक्टर, शिक्षिका, दुकानदार, शेजारच्या आजी, बहुतेक सगळ्यांशी तू. उस्तेद, म्हणजे आदराचं 'तुम्ही', पूर्णपणे गेलेलं नाही, खूप म्हाताऱ्या माणसांशी किंवा सरकारी खिडकीवर वापरलं तर चांगलंच दिसतं, पण प्रत्येक वाक्यात ओतलं की समोरचा जरा गोंधळतो.

तर मार्च संपता संपता एका संध्याकाळी त्यांच्याकडे जेवायला बसलो असताना कामांची वाटणी नव्याने केली. दादाचा आग्रह होता की सगळंच वहिनींनी करायचं, म्हणजे सवय होईल, गेस्तोर बंद. हे मला अजिबात पटलं नाही. परवाना, कर, घराचा करार, बँक, यांत एक शब्द चुकला की महिने जातात आणि पैसे जातात, तिथे शिकाऊ भाषा चालवायची काही गरज नाही, तो गेस्तोर पगार कशाचा घेतो. उलट जिथे चूक झाली तर फार तर चुकीचं चीज घरी येईल अशी कामं वहिनींकडे: मंडई, फार्मसी, बेकरी, बिल्डिंगच्या शेजाऱ्यांशी जे काही असेल ते, शाळेच्या फाटकापाशी उभं राहणं. किराण्याचं ॲप दादाने स्वतःच्या फोनमधून काढून टाकलं, हे त्याचं खरं योगदान. आणि एक गोष्ट मी जरा जोरातच सांगितली, की पोराला आईचा दुभाष्या करायचं नाही. तोवर तो शाळेतून भराभर उचलत होता आणि एकदा दवाखान्यात आईच्या पोटदुखीबद्दल डॉक्टरांनी विचारलेलं त्याने सांगितलं होतं. सहा वर्षांच्या मुलावर हे ओझं टाकणं बरोबर नाही, शिवाय तो पुढे असला की आई मागेच राहते.

मंडईची पद्धत आम्ही अशी ठरवली की व्याकरण बाजूला, तयारी फक्त पहिल्या वाक्याची. घरातून निघतानाच एल उल्तिमो, मग पोन्मे, मग काय आणि किती, हे अडखळल्याशिवाय एका दमात येईपर्यंत जिन्यात म्हणायचं. मी बघत आलेय की समोरचा इंग्रजीवर किंवा खुणांवर उडी मारतो ती पहिल्या दोन-तीन सेकंदांतच, ते सेकंद निभावले तर पुढे तुम्ही कितीही चुका, तो स्पॅनिशमध्येच राहतो. आणि रोज त्याच गाळ्यावर जायचं, स्वस्त कुठे हे बघत फिरायचं नाही. त्याच बाईला तीच गिऱ्हाईक चार वेळा दिसली की तीच बोलायला लागते, आज संत्री गोड आहेत, ही मलागाची एवोकॅडो घेऊन जा, पोराला सुट्टी का.

वहिनींना सगळ्यात आवडलेला शोध तिथलाच. हॅम-चीजच्या गाळ्यावर लोक 'क्वार्तो ई मिताद' मागतात, पाव किलो आणि पावाचं अर्धं, म्हणजे 375 ग्रॅम. स्पॅनिश शिकणारे गोरे लोक याच्यावर डोकं खाजवतात, वहिनी म्हणाल्या 'हे तर दीडपाव', आणि त्या दिवसापासून चीज दीडपावच येतं, लागो न लागो.

खाण्याचा एक वेगळाच घोळ झाला, तो थोडक्यात. वहिनी शाकाहारी, 'सिन कार्ने', बिनमांसाचं, असं सांगितलं की इथे बऱ्याच ठिकाणी ट्यूना किंवा हॅमचे तुकडे घालून आणतात कारण त्यांच्या लेखी कार्ने म्हणजे लाल मांस, आणि बोकादियो वेहेताल नावाच्या सँडविचमध्ये ट्यूना-अंडं असतं. नी कार्ने, नी पेस्कादो, नी हामोन, मांस नको, मासे नकोत, हॅम नको, असं तिन्ही मोजून सांगावं लागतं.

28 एप्रिलला दुपारी 12:33 ला जवळजवळ अख्ख्या स्पेन-पोर्तुगालची वीज गेली, ते बातम्यांत आलंच होतं. त्या दिवशी इथे सान विसेंते फेरेर या संताच्या सणाची सुट्टी, सगळे घरीच. शेगडी विजेची म्हणून बंद, लिफ्ट बंद, थोड्या वेळाने मोबाइलचं नेटवर्कही गेलं, म्हणजे भाषांतराचं ॲपही गेलं. लोक जिन्यात आणि मग खाली रस्त्यावर जमले, चौथ्या मजल्यावरच्या आजींनी सेलवर चालणारा जुना रेडिओ आणला, त्याच्याभोवती घोळका. कार्ड चालत नव्हतं, कोपऱ्यावरचा दुकानदार रोख पैसे घेऊन पाणी आणि ब्रेड देत होता, आणि वहिनींकडे मंडईमुळे सुटे युरो होते, दादाच्या खिशात एकही नाही. वहिनींनी आजींसाठी पाण्याची बाटली वर नेऊन दिली, परत आल्या आणि संध्याकाळपर्यंत खालीच होत्या. कधी येणार, का गेली, कुणालाच काही माहीत नव्हतं त्यामुळे प्रत्येकजण बोलत होता, आणि एकच गोष्ट परत परत बोलत होता, शिकणाऱ्याला याहून चांगलं काय पाहिजे.

दादा सगळ्यांना सांगतो की त्या एका दिवसाने सगळं बदललं. मला नाही पटत. फेब्रुवारीत वीज गेली असती तर वहिनी दार लावून आत बसल्या असत्या. मधले दिवस रोज त्या गाळ्यावर उभं राहून त्यांनी जे केलं त्यामुळेच त्या खाली उतरल्या. बदललं ते एवढंच की त्या दिवसानंतर बिल्डिंगमधले लोक नावाने हाक मारायला लागले.

नावावरून आठवलं, हे नव्याने येणाऱ्या प्रत्येक मराठी बाईने वाचावं. स्पेनमध्ये माणसाला दोन आडनावं असतात, पहिलं साधारण बापाकडचं, दुसरं आईकडचं, आणि लग्न झालं तरी बाईचं नाव बदलत नाही. आपल्या पासपोर्टवर स्वतःचं नाव, मग नवऱ्याचं नाव, मग आडनाव. एका ठिकाणी कुणीतरी नोंद करताना दादाचं नाव वहिनींचं पहिलं आडनाव म्हणून टाकलं. दवाखान्यात पुकारा झाला तो दादाच्या नावाने, सेन्योरा अमुक अमुक, वहिनी आपल्या बसूनच, त्यांना वाटलं दादाला बोलावतायत आणि दादा तर ऑफिसात. नंबर गेला, परत अपॉइंटमेंट. यावर उपाय कंटाळवाणा पण पक्का: तीए कार्डावर नाव ज्या क्रमाने छापलंय त्याच क्रमाने बँक, दवाखाना, शाळा, वीज, सगळीकडे आहे का ते एकदा बसून तपासायचं आणि नसेल तर लगेच दुरुस्त करून घ्यायचं.

दवाखान्यातलं बोलणं हा मंडईपेक्षा वेगळा प्रकार. तिथे 'मास देस्पासियो', जरा हळू, असं सांगून फार उपयोग होत नाही, डॉक्टर एक वाक्य हळू बोलतात आणि दुसऱ्या वाक्याला परत गाडी सुसाट. जे चाललं ते असं की आपल्याला जेवढं कळलं ते आपणच परत म्हणून दाखवायचं, 'एन्तोन्सेस, एक गोळी दर आठ तासांनी, पाच दिवस, नो?' चुकलं असेल तर समोरचा तेवढंच दुरुस्त करतो, आणि तुमची पातळी काय तेही त्याला आपोआप कळतं. वहिनी जाण्याआधी काय होतंय, कधीपासून, आधी काय घेतलं हे चार ओळींत लिहून नेतात, वाचून दाखवतात, लाजत नाहीत. फार्मसीत मात्र बरंच सोपं, हिरव्या क्रॉसचं दुकान, आतली बाई निवांत, तिला प्रश्न विचारायला आवडतात.

शाळेच्या फाटकाचं गाडं अजून अर्ध्यावरच आहे. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर व्हॉइस मेसेज येतात, त्यात मागे पोरं ओरडतायत, अर्धं वालेन्सियानो अर्धं कास्तियानो. काही आयांनी एकदा 'अल्मोर्सार' ला बोलावलं, वहिनींच्या पुस्तकात अल्मुएर्सो म्हणजे दुपारचं जेवण, इथे मात्र सकाळी दहा-साडेदहाचं भरभक्कम खाणं, वालेन्सियात ही मोठी खासियत आहे. वेळ विचारून घेतली म्हणून बरं. पण तिथे गेल्यावर आठ बायका एकदम बोलतात, कुणी कुणाचं वाक्य पुरं होऊ देत नाही, आणि वहिनी वाक्य मनात जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. दोघींत असतील तर वहिनी आता तासभर बोलतात, घोळक्यात गप्प. याला माझ्याकडेही काही युक्ती नाही, फक्त एवढंच की घोळक्यातल्या एकीशी आधी वेगळी ओळख करून घ्यावी, मग ती बाकीच्यांना थांबवते. तसं एकीशी जमलंय, तिच्यासोबत मुलांना घेऊन तुरियाच्या बागेत जातात. 1957 च्या पुरानंतर नदीच वळवली आणि रिकाम्या पात्रात ही लांबच लांब बाग झाली, बोलत चालायला याहून चांगली जागा शहरात नाही, तोंडाकडे बघावं लागत नाही म्हणून चुकायलाही संकोच वाटत नाही.

फोन ही खरी हार. कुरिअरवाला फोन करतो, मोटरसायकलच्या आवाजात एका श्वासात काहीतरी बोलतो, ओठ दिसत नाहीत, खुणा नाहीत. वहिनी आता पहिलंच वाक्य म्हणतात की मला व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा, बरेचजण पाठवतात, काही फोन ठेवून देतात आणि पार्सल परत जातं. जाऊ दे म्हणतात.

दादाने मध्ये परीक्षेचा धोशा लावला होता, वर्षअखेरपर्यंत देले बी1 काढायचंच. देले म्हणजे इन्स्तितुतो सेर्वान्तेस या संस्थेचं स्पॅनिशचं प्रमाणपत्र, चांगलंच आहे, पण यांना त्याची आत्ता गरज काय हे मला कळेना. नागरिकत्वाला लागतं ते देले ए2 आणि सोबत सीसीएसई नावाची सामान्यज्ञानाची परीक्षा, आणि भारतीयांना त्यासाठी साधारणपणे दहा वर्षं कायदेशीर वास्तव्य लागतं, तेही भारतीय पासपोर्ट सोडायची तयारी असेल तर. घाई कसली आहे. त्याऐवजी वहिनींनी सरकारी भाषाशाळेची, एस्क्वेला ओफिसियाल दे इदिओमासची, चौकशी केली. फी खाजगी क्लासच्या मानाने बरीच कमी, जागा मात्र मर्यादित आणि प्रवेशाच्या तारखा ठरलेल्या, जानेवारीत आलेल्या माणसाला ते चालू वर्षात मिळणं अवघडच होतं. ऑगस्टमध्ये शहर रिकामं, फळवाल्या बाईच्या गाळ्यावरही सुट्टीची पाटी, तेव्हा वहिनींची बोलती परत जरा बंद पडली होती, सप्टेंबरात आठवडाभरात सुटली.

आता दादाचं काय. ऑफिसात इंग्रजी, घरात मराठी, मित्र सगळे परदेशी, वर्ष होत आलं तरी तो ओला-ग्राथियासवरच, आणि हल्ली शेजारी आले की 'अगं बघ ना काय म्हणतायत' करून आतल्या खोलीत जातो. तेव्हा शनिवारची मंडई त्याच्याकडे दिलीय. वहिनी सोबत जात नाहीत, आणि यादी स्पॅनिशमध्ये लिहूनही देत नाहीत.